टाकाऊ लाकडाची ऋतूप्रमाणे बदलणारी सजावट: आधी लाकूड ओळखा, मग करवत उचला

प्रश्न थोडक्यात असा: पॅकिंगच्या फळ्या, जुन्या कपाटाचे तुकडे, प्लायच्या उरलेल्या पट्ट्या आणि छाटलेल्या फांद्या साठल्या आहेत. हत्यारं म्हणजे हातकरवत, छोटं ड्रिल, पॉलिश पेपर आणि पांढरा गोंद. यातून ऋतू पालटला की बदलता येईल अशी साधी सजावट करायची आहे. आधी केलेल्या तीन वस्तू बिघडल्या. पट्ट्यांची चांदणी खिळा ठोकताना चिरली, पांढऱ्या रंगवलेल्या छोट्या घरांवर महिन्याभरात पिवळट तपकिरी डाग उमटले आणि फांदीच्या चकत्या मधोमध तडकल्या.

तिन्ही ठिकाणी हातचं काम ठीक होतं, लाकूड ओळखण्यात गफलत झाली. नव्या फळीवर काम करताना दुकानदाराने निम्मी निवड आधीच केलेली असते. टाकाऊ लाकडात ती आपल्याला करावी लागते, आणि खरं सांगायचं तर अशा कामात कापण्या-जोडण्यापेक्षा जास्त वेळ याच निवडीत जायला हवा. म्हणून आधी लाकडाबद्दल, मग वस्तूंबद्दल.

ढिगातून काय बाजूला काढायचं

पॅकिंगच्या फळीवर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह आणि काही इंग्रजी अक्षरं डागलेली असतील तर ती वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून किमान 30 मिनिटं तसाच ठेवलेला असतो. कीड मारण्याची ही निर्धोक पद्धत. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते लाकूड घरात आणू नका. शिक्का नसला म्हणून फळी वाईट ठरत नाही, पण तेलाचे, रसायनाचे डाग किंवा उग्र वास असेल तर ती सोडून द्या. त्या फळीवर काय सांडलं होतं हे रंधा मारूनही कळत नाही.

हिरवट झाक असलेलं, बाहेरच्या कुंपणाचं जुनं लाकूड तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाने टिकवलेलं असू शकतं. डांबरासारखा वास येणारे रेल्वेच्या रुळांखालचे जुने काळे स्लीपर क्रिओसोट या डांबरी तेलात मुरलेले असतात. दोन्ही नकोत. जुन्या खिडक्या-दारांवरच्या रंगाच्या थरांत शिसं असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासू नये, गरम हवेने फुगवूही नये. त्याची धूळ आणि वाफ दोन्ही घातक, त्यातही मुलांना जास्त. सजावटीसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

सनमायका लावलेली भुशाची पाटी छोट्या वस्तूंना निरुपयोगी असते. 60–70 मिमीचा आकार कापला की कडा भुरभुर गळते. एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या पाटीचे) सपाट आकार छान निघतात, पण त्याच्या कडेत स्क्रू मारला की तो पानांसारखा सुटतो आणि त्याची धूळ फार बारीक असते. मास्क लावून, मोकळ्या हवेत कापायचं.

उरतं ते साधारण तीन प्रकारचं. नख दाबलं की ठसा उमटतो आणि कापताना राळेचा वास येतो ते पाइनसारखं मऊ लाकूड. हातात जड लागणारं, नखाला दाद न देणारं सागासारखं लाकूड. आणि प्लाय. हे तीन ढीग वेगळे ठेवा, कारण गोंद, खिळा आणि रंग यांच्याशी प्रत्येक जण वेगळा वागतो.

वाळलंय की नाही, हे वजनकाट्याला विचारा

पॅकिंगची फळी बऱ्याचदा उघड्यावर पडलेली असते. वरून कोरडी भासते, आत ओल असते. घरात आणल्यावर ती आकसते, आणि आकसताना पिळते किंवा सांधा उघडते. फळ्या एकावर एक रचताना मध्ये 10 मिमी जाडीच्या पट्ट्या घाला म्हणजे सगळ्या बाजूंनी हवा लागेल, आणि सजावट जिथे लागणार त्याच घरात ठेवा. एका तुकड्यावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला तोच तुकडा ग्रॅममध्ये वजन करा. लागोपाठ दोन आठवडे आकडा तोच आला की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. 20 मिमी जाडीच्या फळीला दोन-तीन आठवडे सहज लागतात. ओल मोजायचं यंत्र असलं तर उत्तम, पण एवढ्या कामाला घरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

खिळे काढताना पक्कडीखाली लाकडाचा एक तुकडा धरा, नाहीतर फळीवर खड्डा पडतो. डोकं तुटलेला खिळा डोळ्याला दिसत नाही. फळीवरून चुंबक फिरवा आणि जिथे ओढ लागेल तिथे खूण करून दोन्ही बाजूंचा 20 मिमी भाग वगळा. करवतीचे दात एका खिळ्यात जातात. सागासारख्या लाकडात खिळ्याभोवती निळसर काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची ती प्रक्रिया आहे. तो घासून जात नाही. मेण लावायच्या वस्तूत तो मुद्दाम दिसेल असा ठेवला तर शोभतो.

आता तुकडे लांबीप्रमाणे लावा आणि मगच काय करायचं ते ठरवा. 300 मिमीच्या वरच्या पट्ट्या चांदणीला आणि झाडाला, जाड ठोकळे घरांना, पातळ प्लाय लटकवायच्या आकारांना. उलट गेलात, म्हणजे चित्र पाहून लाकूड शोधत बसलात, तर जोडाजोड करून कमकुवत वस्तू तयार होते.

कायमचं झाड, बदलते आकार

प्रत्येक ऋतूसाठी वेगळी वस्तू केली की दोन वर्षांत ठेवायला जागा उरत नाही. माझ्या मते एकच सांगाडा कायम ठेवावा आणि त्यावर टांगायचं तेवढं बदलावं. त्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे उभ्या दांडीवर फिरणाऱ्या पट्ट्यांचं झाड.

पट्ट्या 25 मिमी रुंद, 15 मिमी जाड. लांबी 360 पासून 30–30 मिमीने उतरत 60 पर्यंत, म्हणजे 360, 330, 300, 270, 240, 210, 180, 150, 120, 90 आणि 60: एकूण अकरा. सगळ्यांची बेरीज 2310 मिमी होते; करवतीच्या कापांत जाणारा भुसा धरून 2.35 मीटर पट्टी जवळ ठेवा. ती एकसंध नसली तरी चालते, अकरा तुकडे निघाले म्हणजे झालं. पट्ट्यांच्या मध्ये घालायला 25 मिमी चौकोनी, 15 मिमी जाड असे दहा तुकडे लागतात. शिवाय 8 मिमी जाडीची 420 मिमी गोल दांडी, 150 × 150 × 20 मिमी बैठक आणि सगळ्यात खाली घालायला 60 मिमी उंचीचा एक ठोकळा. दांडीचा हिशोब असा: बैठकीत 20, खालच्या ठोकळ्यात 60, अकरा पट्ट्यांत 165, दहा तुकड्यांत 150, आणि वर 25 मिमी टोपीसाठी.

या कामाचं सगळं यश भोक बरोबर मधोमध आणि सरळ पडण्यावर आहे. प्रत्येक पट्टीची लांबी मोजून निम्म्यावर गुण्याने (काटकोनाच्या पट्टीने) रेघ मारा, रुंदीचा मध्य घ्या, जिथे रेघा छेदतात तिथे खिळ्याच्या टोकाने खोच पाडा. खोच नसेल तर ड्रिलचं पातं सरकतं. आधी 3 मिमीचं भोक पाडा, मग 8.5 मिमीचं. खाली टाकाऊ फळी दाबून धरा, नाहीतर पातं बाहेर पडताना मागच्या बाजूचे तुकडे उचकटतात. हाताने ड्रिल धरताना तिरकं जातंच. एका जाड ठोकळ्यात एकदा सरळ भोक पाडून घ्या आणि तोच ठोकळा प्रत्येक पट्टीवर मार्गदर्शक म्हणून धरा.

छोटे चौकोन आधी कापून मग त्यांना भोक पाडायला गेलात तर निम्मे चिरतील आणि बोटंही धोक्यात येतील. लांब पट्टीवर 30–30 मिमी अंतरावर 9 मिमीची दहा भोकं आधी पाडा, मग पट्टी कापून तुकडे वेगळे करा. 310 मिमीच्या पट्टीत दहा तुकडे बसतात.

दांडी विकताना 8 मिमी म्हणतात, पण प्रत्यक्षात ती थोडी कमी-जास्त असते. आधी टाकाऊ तुकड्यात भोक पाडून दांडी घालून पाहा. कोरड्या दिवसांत नेमकी बसणारी पट्टी दमट दिवसांत फुगते आणि फिरत नाही. 8.5 मध्ये घट्ट वाटली तर 9 मिमी करा. दांडीवर मेणबत्ती घासली की फिरवणं हलकं होतं. गोंद फक्त दोन ठिकाणी: दांडी बैठकीत आणि टोपी दांडीवर. टोपीला तर मी गोंदाऐवजी एक छोटा स्क्रू सुचवेन, म्हणजे झाड सुटं करून ठेवता येईल.

पट्ट्या एकाच रेषेत ठेवल्या की भिंतीला टेकवायचं सपाट झाड. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीपेक्षा 18 अंश फिरवली की दहा टप्प्यांत 180 अंश होतात आणि पूर्ण गोल जिना तयार होतो. पट्टीला दोन टोकं असल्यामुळे अर्धं वळण पुरतं. पट्टी मधोमध टांगलेली असल्यामुळे तोल जात नाही. तोल जातो तो सगळे आकार एकाच बाजूला टांगल्यावर. तसं होत असेल तर बैठकीखाली आणखी एक तेवढाच तुकडा चिकटवा.

टांगायचे आकार किती मोठे असावेत हे सहसा कोणी मोजत नाही, आणि मग ते एकमेकांना अडकतात. 18 अंशांच्या फरकाने खालच्या लांब पट्ट्यांच्या टोकांमध्ये सुमारे 55 मिमी जागा मिळते, मधल्या भागात तीसेक मिमी. म्हणून खालच्या चार पट्ट्यांना 40 मिमी रुंदीपर्यंत, मधल्या चारांना 20 मिमीपर्यंत, आणि सर्वांत वरच्या तीन पट्ट्या मोकळ्या. खालच्या पट्टीला बैठकीपासून 60 मिमी उंची आहे, तेव्हा तारेसकट लांबी 50 च्या आत ठेवा.

आकार 3 किंवा 4 मिमी प्लायचे. उन्हाळ्याला सूर्याच्या चकत्या, पावसाला थेंब, पानगळीला पानं, थंडीला चांदण्या, वसंताला कळ्या आणि पक्षी. कागदावर आकार काढून कागद प्लायवर चिकटवा आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा. रेघेपर्यंत पॉलिश पेपरने या. बारीक पात्याची नक्षीची करवत असेल तर वळणं जमतात. आकार टेबलावर सपाट ठेवून कापायचा असेल तर पात्याचे दात मुठीकडे आणि मूठ खाली, म्हणजे पातं खाली ओढताना कापेल आणि वरची बाजू स्वच्छ राहील. तुमच्याकडे फक्त हातकरवत आहे, तेव्हा सरळ रेघांचे आकार घ्या. पान म्हणजे लांबट चौकोनाचे चार कोपरे उडवलेले, थेंब म्हणजे उभा चौकोन आणि त्याची खालची बाजू घासून गोल. टांगायचं भोक 2 मिमीचं, कडेपासून किमान 5 मिमी आत. पातळ प्लायमध्ये कडेला चिकटून भोक पाडलं की वरचा पापुद्रा निघतो.

रंग कमी ठेवा. एका ऋतूला दोन रंग आणि तिसरं कोरं लाकूड एवढं पुरे. पावसाला राखाडी आणि निळा, पानगळीला विटकरी आणि मोहरीसारखा पिवळा, थंडीला पांढरा आणि गडद हिरवा.

चांदणी का चिरली, आणि ती खिळ्यांशिवाय कशी करायची

खिळा लाकडात पाचरीसारखा घुसतो आणि तंतू दोन बाजूंना ढकलतो. फळीच्या मध्यावर आजूबाजूचं लाकूड ते धरून ठेवतं. टोकापाशी धरायला काही नसतं म्हणून चीर थेट बाहेर पडते. खिळ्याच्या जाडीच्या दहापट अंतर टोकापासून सोडावं असा ढोबळ नियम आहे. 2 मिमी खिळ्याला 20 मिमी. चांदणीच्या टोकाला एवढी जागा नसते. खिळ्यापेक्षा थोडं बारीक भोक आधी पाडणं, खिळ्याचं टोक हातोडीने बोथट करणं (बोथट टोक तंतू फाकवत नाही, चेपत जातं) हे उपाय जाड लाकडात उपयोगी आहेत. पातळ पट्ट्यांना सरळ नट-बोल्ट वापरा.

पाच पट्ट्या, प्रत्येकी 420 मिमी लांब, 20 मिमी रुंद, 4 ते 5 मिमी जाड. याहून जाड घेऊ नका. पट्ट्या एकमेकींच्या वर-खाली विणायच्या आहेत आणि 8 मिमीची पट्टी तेवढी वाकत नाही, सांधा उचलते. हाताने फळीतून 5 मिमीची पट्टी उभी चिरणं अवघड काम आहे. पॅकिंगच्या पेटीच्या पातळ पट्ट्या किंवा 4 मिमी प्लाय घ्या. प्लायवर लोखंडी पट्टी धरून धारदार कटरने दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा ओढलं की करवतीची गरज पडत नाही. फक्त वरच्या पापुद्र्याची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, पट्टीच्या लांबीच्या दिशेने आहे ना ते पाहा. आडवी असेल तर विणताना पट्टी मोडते.

पाचही पट्ट्या एकत्र टेपने बांधा आणि दोन्ही टोकांपासून 10 मिमीवर 3 मिमीचं आरपार भोक एकदम पाडा. त्यामुळे भोकांमधलं 400 मिमी अंतर पाचही पट्ट्यांत अगदी सारखं येतं. आता प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक भोकापासून 153 मिमीवर एक रेघ मारा. दोन रेघांमध्ये 94 मिमी उरतील. या रेघांवरच पट्ट्या एकमेकींना छेदतात. चांदणीचा आकार बदलायचा असेल तर भोकांमधल्या अंतराला 0.382 ने गुणा, रेघेचं अंतर मिळेल. कोनमापक लागत नाही. खुणा जुळल्या की टोकाचा 36 अंशांचा कोन आपोआप येतो.

पट्ट्या टोकाला टोक लावून 3 मिमी बोल्टने सैल जोडत जा, चार सांधे झाले की नागमोडी साखळी होते. ती सपाट जागेवर चांदणीच्या आकारात दुमडा, प्रत्येक पट्टी एका छेदावर वरून आणि दुसऱ्यावर खालून जाईल अशी विणा, मग पाचवा बोल्ट घाला. बोल्ट आवळण्याआधी शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. पाचही ठिकाणी 247 मिमी यायला हवं. 3–4 मिमीचा फरक हाताने सरकवून जातो. मग पाच छेदांवर गोंदाचा एकेक थेंब, वरून कपड्यांचे चिमटे, तासभर तसंच. पूर्ण ताकद यायला पांढऱ्या गोंदाला 24 तास लागतात. अशी मऊ लाकडाची चांदणी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. तिला टांगायला एका टोकाच्या बोल्टमधून तार ओवली तरी पुरे.

घरं आणि पिवळे डाग

ठोकळा साधारण 70 मिमी रुंद आणि 40 मिमी जाड असला की छोट्या घरांची ओळ छान दिसते. उंची 90, 120, 150 अशी वेगवेगळी ठेवा. छप्पर दोन्ही बाजूंनी 45 अंशांनी कापायचं. 70 मिमी रुंदीला छपराची उंची 35 मिमी येते. लांब ठोकळ्याच्या टोकाला आधी छप्पर कापा आणि नंतर घर लांबीला कापून सुटं करा. सुट्या 90 मिमीच्या तुकड्यावर तिरका काप घेताना तो हातात धरवत नाही. विजेच्या करवतीवर तर असा छोटा तुकडा हाताने धरून कापूच नये. कापाच्या जागी चिकटपट्टी लावून त्यावर रेघ मारली की कडेचे तंतू कमी उचकटतात. खिडक्या ड्रिलच्या 8 मिमी पात्याने, 6 मिमी खोल. खोली कळायला पात्याला टेप गुंडाळा.

आता डाग. तपकिरी डाग टॅनिनचे, साग किंवा ओकसारख्या लाकडातून आलेले. गाठींभोवती पिवळं वर्तुळ असेल तर ती पाइनची राळ. पाण्यात मिसळायचा पांढरा रंग लावला की त्यातलं पाणी टॅनिन विरघळवून वर आणतं. वरून पांढऱ्याचे आणखी थर दिलेत तर प्रत्येक थर पुन्हा तोच डाग ओढतो. मध्ये अडथळा हवा, आणि तो लाखेचा. 25 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) 100 मिली डिनेचर्ड स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवा, अधूनमधून हलवा, कापडातून गाळा. पातळ हात मारा, पाऊण तास वाळू द्या, दुसरा हात मारा. गाठींवर तिसरा. मग पांढरा रंग. आधीच डागाळलेली घरं फेकू नका. 180 नंबरच्या पेपरने हलकं घासून त्याच रंगावर लाखेचे दोन हात द्या आणि पुन्हा रंगवा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम शेगडीजवळ नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

पॉलिश पेपर 80, मग 120, मग 180. मधला नंबर गाळला की 80 चे ओरखडे रंगाखाली जसेच्या तसे दिसतात. घासायचं रेषेच्या दिशेनेच. 180 नंतर ओल्या फडक्याने पुसा. तंतू उभे राहतात. वाळले की पुन्हा 180 ने दोन हात फिरवा. कडा किंचित मारून घ्या, कारण धारदार कडेवर रंग टिकत नाही, पहिल्या धक्क्यात उडतो.

चकत्यांचा तडा

लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेने जितकं आकसतं, ते केंद्राकडून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. चकती म्हणजे पूर्ण वर्तुळ. परीघ जास्त आटायला बघतो, आतला भाग तेवढा आटत नाही, ताण साठतो आणि केंद्रापासून सालीपर्यंत एक पाचरीसारखी फट पडते. यात तुमची चूक एवढीच की फांदी ओली असताना चकत्या कापून लगेच गरम, कोरड्या जागी ठेवल्या गेल्या असाव्यात.

40 मिमीपेक्षा बारीक फांद्यांत तडे कमी पडतात. 10–12 मिमी जाडीच्या चकत्या कापा, जाळीवर पसरा, पहिला आठवडा वरून वर्तमानपत्र घाला म्हणजे ओल हळू जाईल. दर दोन दिवसांनी उलटा. फांदी सरळ आडवी न कापता तिरकी कापली तर लांबट चकत्या मिळतात आणि त्या तुलनेने कमी तडकतात. मोठी चकती हवीच असेल तर सालीपासून केंद्रापर्यंत करवतीचा एक काप मुद्दाम देऊन ठेवा. आकसणं त्या कापात जिरतं, फट रुंदावते पण जिथे आपण ठरवली तिथेच. त्या फटीतून दोरी ओवता येते, दुसरी चकती आडवी खोचता येते.

साल टिकायला हवी असेल तर झाड विसाव्यात असतानाची फांदी घ्या. नव्या पालवीच्या दिवसांत सालीखाली रस चढलेला असतो, साल कवचासारखी सुटते. चकत्यांखाली मैद्यासारखी पिवळसर भुकटी पडू लागली तर आत भुंगेरा आहे. पूर्ण वाळलेल्या चकत्या ओव्हनमध्ये 60–70 अंशांवर दीड-दोन तास ठेवल्या की कीड मरते. लक्ष ठेवून, आणि रंग-मेण लावण्याआधी.

गोंद धरत नाही तेव्हा

लाकडाची आडवी कापलेली बाजू स्पंजासारखा गोंद शोषते आणि सांधा कोरडा राहतो. त्या बाजूला आधी थोडं पाणी घातलेला गोंद चोळा, दहा मिनिटांनी नेहमीचा गोंद लावून जोडा. तरीही नुसत्या त्या सांध्यावर वजन टाकू नका, एक स्क्रू हवाच. सागात नैसर्गिक तेल असतं. जोडण्याच्या बाजू थिनर किंवा ॲसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच गोंद लावा. उद्यावर टाकलंत तर तेल पुन्हा वर येतं. बाहेर सांडलेला गोंद ओला असतानाच पुसा. त्याचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, पण मेण किंवा स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) तिथे शिरत नाही आणि फिकट ठिपका उरतो.

रंग न देता ठेवायच्या वस्तूंना मेण पुरतं. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दिवा ठेवायचा ठोकळा करायचा असेल तर बॅटरीचाच दिवा धरा. उघड्या ज्योतीला कोरं लाकूड आणि रंगवलेला प्लाय यांची जवळीक नको. असे छोटे दिवे साधारण 37–38 मिमी व्यासाचे असतात. तुमचा मोजून मग 40 मिमीचं भोक पाडा आणि ठोकळा 70 मिमीपेक्षा अरुंद घेऊ नका, नाहीतर भिंत फुटते. सपाट तळाचं भोक पाडणारं पातं नसेल तर 12 मिमी प्लायमध्ये ड्रिलला लावायच्या गोल करवतीने आरपार भोक कापून तो दुसऱ्या तुकड्यावर चिकटवा, तळ आपोआप सपाट मिळतो.

ही सगळी सजावट घरातली. साधा पांढरा गोंद पाण्यात सुटतो, घरातला प्लाय ओलीने फुगतो. दाराबाहेर टांगायचं असेल तर जलरोधक गोंद, न गंजणारे स्क्रू आणि कापलेल्या टोकांवर रंगाचा एक जादा हात लागतो.

ऋतू संपला की झाडाच्या पट्ट्यांना खालच्या बाजूने 1 ते 11 क्रमांक घाला, दांडीसकट सुतळीने बांधा. रंगवलेले आकार एकमेकांवर थेट ठेवू नका. ॲक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. त्याआधी एकावर एक रचून गरम जागी ठेवले तर रंगावर रंग चिकटतो आणि सोडवताना पापुद्र्यासकट निघतो. मध्ये बटर पेपर घाला.